सहावीच्या लेकराच्या हातात पहिलीचं पुस्तक देऊ नका

प्रश्न बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या मॅडमचा आहे. थोडक्यात असा: "माझ्याकडे सहावी आणि सातवी आहे. सहावीच्या ३१ मुलांपैकी नऊ-दहा जणांना सलग वाचता येत नाही, तेवढ्यांनाच हातच्याची वजाबाकी जमत नाही. त्यातली निम्मी ऊसतोड कामगारांची लेकरं आहेत, तिघं तांड्यावरून येतात. एक मुलगा तोंडी चटकन उत्तरं देतो, पण लिहायला बसला की पान कोरं. यांच्यासाठी वेगळा अभ्यासक्रम करू का? केला तर सहावीचा पोर्शन कधी संपवू? आणि परीक्षेचं काय?"

मॅडम, वेगळा अभ्यासक्रम करू नका. दोन कामं मात्र वेगळी ठेवा. रोज एक तास वाचनाचा आणि गणिताचा पाया, तोही मूल जिथे अडलंय तिथून. उरलेला दिवस सहावीचेच विषय, सहावीच्याच वर्गात बसून. वाचता येत नाही म्हणून त्या मुलाचं विज्ञान आणि इतिहास थांबता कामा नये. ते त्याने ऐकून, बोलून, करून घ्यायचं. ही दोन कामं एकमेकांत मिसळली की दोन्ही बुडतात. पाठ शिकवताना मध्येच अक्षरओळख घ्यायला गेलात तर पाठही राहतो आणि अक्षरंही राहतात.

बारा वर्षांच्या मुलाला पहिलीचं पुस्तक दिलं की काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. तो पुस्तक दप्तरात खाली दडवतो, आठ दिवसांनी शाळेत येणं कमी करतो. फडावर आईबाप ऊस तोडत असताना हाच मुलगा धाकट्या भावंडाला सांभाळतो, चूल पेटवतो, मोळ्या मोजतो, मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती फिटली हे त्याला ठाऊक असतं. चिऊ-काऊच्या गोष्टीत त्याच्यासाठी काही नाही. दुसरं नुकसान याहून मोठं. वाचन सुधारेपर्यंत सहावीचे विषय बंद ठेवले, तर वर्षभरात तो कदाचित वाचायला शिकेल, पण पूर्णांक, शेकडेमान, अन्नसाखळी, अक्षांश-रेखांश हे शब्दच त्याच्या कानावर पडलेले नसतील. मग सातवीचं पुस्तक वाचता येऊनही कळणार नाही.

आधी तपासणी. वर्गाला एकदम पेपर देऊन नव्हे. एकेकाला शेजारी बसवून, पाच-सात मिनिटांत. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट ही 'असर' या वाचन-गणित पाहणीची पायरी आपल्या सगळ्यांना परिचयाची आहे. गणितात दोन अंकी संख्या ओळखणं, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमापासून स्तर ठरवण्याचं हे काम शाळांमध्ये चालू आहे, पण पुष्कळदा ते तक्ता भरून संपतं. तुम्ही तक्त्याच्या पुढे जा: मूल नेमकं काय चुकतंय ते लिहून ठेवा. 'दिवा'ला 'दवा' वाचणारा मुलगा वेलांटीकडे बघतच नाही. 'घर'ला 'धर' आणि 'भात'ला 'मात' वाचणाऱ्याची अडचण अक्षराच्या आकाराची आहे. 'पाणी' लिहिलेलं असताना 'पाऊस' म्हणणारा पहिलं अक्षर बघून अंदाज ठोकतो. तिघेही तक्त्यात 'शब्द स्तर' म्हणून एकाच रकान्यात बसतील, पण तिघांचं काम वेगळं आहे. आणि सुंदर अक्षरात फळा उतरवून घेणाऱ्यांना विसरू नका. अशा मुलीची वही बघून तिला येतं असं वाटतं. तिनेच लिहिलेली एक ओळ वाचायला सांगा, मग कळतं.

यासोबत डोळे आणि कान तपासून घ्या. हे इतकं साधं आहे की राहूनच जातं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांच्यासमोर नेमकी हीच मुलं उभी करा. ते यायला उशीर असेल तर मुलाला मागच्या बाकावरून फळ्यावरचे आकडे वाचायला लावा, पाठमोरं उभं करून हळू आवाजात नाव घ्या. शंका आली की आरोग्य केंद्रात पाठवा. चष्म्याचा नंबर न कळल्यामुळे 'कच्चं' ठरलेलं मूल प्रत्येक मोठ्या शाळेत एखादं तरी निघतं.

आता तो पायाचा तास. सहावी, सातवी, आठवीचा एकच वेळ धरा आणि मुलांचे गट स्तरानुसार करा, इयत्तेनुसार नको. त्या वेळी शाळेतली सगळी मुलं कुठल्या ना कुठल्या गटात असली पाहिजेत. पुढे असलेल्यांना अवघड उताऱ्याचं किंवा कोड्यांचं काम द्या. फक्त मागे पडलेल्यांना उठवून व्हरांड्यात बसवलं की तो 'ढ' मुलांचा तास होतो, आणि मग कुणी मनापासून बसत नाही. अर्धा तास भाषा, अर्धा तास गणित, रोज. आठवड्यातून दोनदा दोन-दोन तास घेण्यापेक्षा रोजचा एक तास कितीतरी जास्त देतो. मुख्याध्यापकांना वेळापत्रकात तो छापूनच घ्यायला लावा. सभा, खिचडी, माहिती भरणं यात सगळ्यात आधी हाच तास जातो.

वाचनाचं साहित्य वयाला शोभेल असं हवं. तुमच्याकडच्या एसटीच्या पाट्या घ्या. केज, परळी, माजलगाव, गेवराई, वडवणी, धारूर, पाटोदा: एकही जोडाक्षर नाही, काना, मात्रा, वेलांटी, उकार सगळं आलं, आणि प्रत्येक नाव मुलाच्या ओळखीचं. 'आष्टी'वर आलात की पहिलं जोडाक्षर, 'अंबाजोगाई'त अनुस्वार. पाट्यांनंतर वर्गातल्या मुलांची नावं, मग दुकानातल्या पुड्यांवरचे शब्द, मग मुलाने स्वतः सांगितलेली आणि तुम्ही लिहून घेतलेली चार वाक्यं. स्वतःचं बोलणं कागदावर वाचताना मूल अंदाज कमी करतं, कारण काय लिहिलंय ते त्याला माहीत असतं आणि नजर अक्षरावर टिकते. बाराखडी घोकून घेण्यावर मी वेळ घालवत नाही. एका आठवड्यात एकच खूण, उदाहरणार्थ ऱ्हस्व वेलांटी, आणि ती ज्यात येते असे पुष्कळ शब्द. जोडाक्षरं शेवटी, तीही एकेक करून: आधी द्वित्त, म्हणजे 'पक्का', 'कच्चा', 'हल्ला', मग 'च्या', 'त्या', 'ल्या' हे रोजचे प्रत्यय, रफार सगळ्यात नंतर.

तांड्यावरच्या तीन मुलांबद्दल एवढंच सांगते. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलली जात असेल तर त्यांना आधी त्यांच्या भाषेत सांगू द्या आणि शेजारच्याने मराठीत सांगावं. उमरगा-निलंग्याकडे कन्नड, देगलूर-धर्माबादकडे तेलुगू, आणि मराठवाड्याच्या कितीतरी घरांत दखनी, हे आपल्या वर्गांचं नेहमीचं चित्र आहे. मराठी शब्द माहीत नसणं आणि वाचता न येणं या दोन गोष्टी वेगळ्या नोंदवा.

उरलेल्या दिवसाचं काय करायचं, हा तुमचा खरा प्रश्न. प्रत्येक पाठाची अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्यातून मुलाला काय यायला हवं ते, बघा आणि स्वतःला विचारा, यातलं कोणतं एक-दोन नाही आलं तर पुढच्या वर्षी मूल अडेल? तेवढं सगळ्यांना आलंच पाहिजे. बाकीचं ज्यांना झेपतं ते करतील. मग त्या एक-दोन गोष्टींपर्यंत न वाचता कसं जाता येईल ते बघा. सहावीचा इतिहास प्राचीन भारताचा आहे आणि आपण त्याच्या अंगणात राहतो. सातवाहनांच्या पाठासाठी अशा मुलांना मी अशी छोटी वाचनपट्टी लिहून देते:

"पैठण गोदावरीकाठी आहे. सातवाहन राजांची ही राजधानी. तेर हे आणखी एक जुने शहर. तेरचे कापड दूर देशी जाई. माल गाडीत भरून बंदरावर नेत. तिथून जहाज निघे."

सहा वाक्यं, एकही जोडाक्षर नाही, आणि विषय सहावीचाच. पाठ तुम्ही आधी मोठ्याने वाचून दाखवलेला असतो, नकाशावर पैठण, तेर आणि समुद्र दाखवलेला असतो. त्यामुळे हा मुलगा चर्चेत बाकीच्यांच्या बरोबरीने बोलतो. दूरच्या बंदरावर माल नेताना वाटेत काय काय लागत असेल, हा प्रश्न विचारून बघा; रात्री बैलगाडीतून फडावर गेलेलं लेकरू त्याचं उत्तर पुस्तकापेक्षा चांगलं देतं. शक्य असेल तर तेरचं रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय एकदा दाखवा. अशा पट्ट्या प्रत्येक पाठाला लिहाव्या लागतात, त्याला वेळ लागतो. केंद्रातल्या चार शाळांनी विषय वाटून घेतले तर वर्षभरात संच तयार होतो.

विज्ञानात प्रयोग आणि आकृती पुढे, व्याख्या मागे. आकृतीला नावं देणं हे उत्तरच आहे, त्याखाली दहा ओळी लिहायला लावू नका. इंग्रजीत ऐकणं, बोलणं आणि ओळखीचे शब्द वाचता येणं पुरे. स्पेलिंगच्या घोकंपट्टीत अडकू नका. भूगोल नकाशावर हात ठेवून.

गणितावर मात्र थांबते, कारण तिथे आपण मुलांकडे जे आहे ते वापरतच नाही. अपूर्णांकांची बेरीज घ्या. छेद वेगळे असले की मुलं वरचे आकडे वरच्यांत, खालचे खालच्यांत मिळवतात: अर्धा अधिक पाव म्हणजे दोन षष्ठांश. त्याच मुलाला विचारा, एका एकराचे गुंठे किती? चाळीस. अर्धा एकर? वीस गुंठे. पाव एकर? दहा. दोन्ही मिळून? तीस गुंठे, म्हणजे पाऊण एकर. छेद समान का करायचे ते इथे कळतं: दोन्ही जमिनी गुंठ्यांत मोजल्या म्हणून मिळवता आल्या. हे दोन-चार दिवस केल्यावर एक तृतीयांश काढा. चाळीस गुंठ्यांचे तीन सारखे भाग होत नाहीत, मुलं अडतात, आणि ते अडणं चांगलं. आता तास घ्या. अर्धा तास तीस मिनिटं, तासाचा तिसरा भाग वीस मिनिटं, मिळून पन्नास. साठातले पन्नास म्हणजे पाच षष्ठांश. इथून लसाविकडे जायला फारसं समजवावं लागत नाही.

दशांशासाठी मोंढ्यातली, म्हणजे धान्यबाजारातली, सोयाबीन विकल्याची हिशोबाची पट्टी आणायला सांगा. कुणाच्या तरी घरात ती असतेच. ५ क्विंटल ४० किलो माल, दर ४,२०० धरला तर ५.४० गुणिले ४,२०० म्हणजे २२,६८० रुपये, त्यातून हमाली आणि तोलाई वजा. आता विचारा, माल ५ क्विंटल ४ किलो असेल तर कसं लिहाल? निम्मी मुलं ५.४ लिहितील. तसं लिहिलं तर वजनात छत्तीस किलोचा फरक पडतो, पैशांत १,५१२ रुपयांचा. शून्याची जागा का सोडायची नाही हे मुलं त्या दिवसानंतर विसरत नाहीत. याच पट्टीवर शेकडेमान घेता येतं, नफा-तोटा घेता येतो. सहावीच्या पुस्तकातली निम्मी प्रकरणं एका कागदावर आहेत.

हातच्याची वजाबाकी ज्यांना जमत नाही त्यांची गोष्ट निराळी. तिथे उदाहरणं वाढवून उपयोग नाही, दशक सुटा करणं हाताने झालं पाहिजे. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या, किंवा खेळातल्या शंभर, दहा आणि एकच्या नोटा. ५२ मधून २७ द्यायचे आहेत, सुटे दोनच आहेत, मग एक गठ्ठा सोडावाच लागतो. हे हाताने झालं की मगच वहीत मांडणी. आणि संख्यांची नावं तपासा. 'एकोणतीस' ऐकून मूल ३९ लिहितं, कारण त्याला 'तीस' ऐकू येतं. 'त्रेपन्न'मध्ये तीन आधी येतात म्हणून ३५ होतात. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत दिली तेव्हा राज्यभर वाद झाला होता. वाद काहीही असो, अडचण खरी आहे. अडणाऱ्या मुलाला 'पन्नास तीन, म्हणजे त्रेपन्न' असं दोन्ही म्हणू द्या.

तोंडी हुशार असलेल्या मुलाकडे येते. त्याच्या बाबतीत घाई करू नका आणि टाळूही नका. दोन-तीन महिने रोजचा तास नीट मिळूनही तो एकच शब्द एका पानावर तीन प्रकारे लिहीत असेल, वाचताना ओळ सोडत असेल, ऐकलेलं सगळं सांगत असेल पण लिहिलेलं त्याला उमगत नसेल, तर विशिष्ट अध्ययन अक्षमता असू शकते. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात ही नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आली. एनसीईआरटीचं 'प्रशस्त' ॲप शिक्षकासाठीच आहे, त्यावर प्राथमिक नोंद करा आणि गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना बोलावून घ्या. ॲपमधून निघतं ते निदान नव्हे, पुढे तपासायला हवं एवढंच त्यातून कळतं. प्रमाणपत्र शासकीय रुग्णालयाच्या यंत्रणेतूनच मिळतं, त्याला फेऱ्या पडतात, म्हणून सहावीतच सुरुवात करा. दहावीला लेखनिक आणि वाढीव वेळ त्याच कागदावर अवलंबून असतो. पण वर्गातल्या सवलतींसाठी प्रमाणपत्राची वाट बघायची नाही. त्याला प्रश्न वाचून दाखवायला, तोंडी उत्तर घ्यायला, कमी लिहायला लावायला तुम्हाला आजही कुणी अडवलेलं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २४ व्या कलमाने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून जास्तीचं शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्यच ठरवलं आहे.

बौद्धिक अक्षमता असलेलं मूल वर्गात असेल तर त्याच्यासाठी एक पानाचा वैयक्तिक आराखडा विशेष शिक्षकांबरोबर बसून करा. त्यात तीन-चारच गोष्टी ठेवा: सही, घरचा फोन नंबर, नोटा ओळखून सुटे परत घेणं, एसटीची पाटी आणि वेळ. या मुलाची बसायची जागा मात्र सगळ्यांमध्येच.

लेखन तपासताना सगळ्या चुका लाल करू नका. या आठवड्यात पूर्णविराम, पुढच्या आठवड्यात अनुस्वार, बाकीकडे डोळेझाक.

परीक्षेची भीती सहावी-सातवीला बाळगू नका. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात सहावीला आकारिक (वर्षभर वर्गात होणारं) आणि संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचं) निम्मे-निम्मे आहेत, सातवी-आठवीला आकारिक ४० आणि संकलित ६०. आकारिकमध्ये तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प हे सगळं बसतं, आणि या मुलांचं खरं ज्ञान तिथेच दिसतं. सोयाबीनच्या पट्टीचा हिशोब तोंडी सांगितला तर तो नोंदवा, तारीख टाकून. आठवीचा विचार मात्र आत्तापासून हवा. २०२३ च्या नियमबदलानंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झाल्यास पुनर्परीक्षा, त्यातही राहिलं तर त्याच वर्गात. म्हणजे सहावीतल्या या नऊ-दहा मुलांसाठी तुमच्याकडे जवळपास तीन वर्षं आहेत. परिच्छेदापर्यंत या वर्षी आणा, स्वतः वाचून उत्तर लिहिणं सातवीत.

त्यातही फडावर जाणाऱ्यांचं वर्ष जून ते दिवाळी एवढंच असतं. म्हणून त्यांच्यासाठी प्रकरणांचा क्रम बदला: अपूर्णांक, दशांश, शेकडेमान दिवाळीच्या आत, भौमितिक रचना आणि सममिती नंतर. पायाचा तास रेंगाळू न देता शाळा उघडल्या उघडल्या सुरू करा. सप्टेंबरमध्येच आजी-आजोबांना शाळेत बोलवा, कारण मूल मागे ठेवायचं की न्यायचं हे उचल घेताना ठरतं, दसऱ्याला बोलून उशीर होतो. आईबाप तोडीला गेल्यावर गावातच चालणाऱ्या हंगामी वसतिगृहात दोन वेळचं जेवण मिळेल आणि मूल आजीजवळच झोपेल, एवढं समजलं तर बरीच कुटुंबं मूल ठेवायला तयार होतात. मुलीच्या बाबतीत हे आग्रहाने सांगा. धाकट्या भावंडांसाठी तिलाच नेतात.

जी जातातच त्यांच्या शिक्षण हमी कार्डावर, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखवायच्या कार्डावर, नुसतं 'इयत्ता सहावी' लिहून सोडू नका. एक ओळ जास्त लिहा: "परिच्छेद वाचते, जोडाक्षरात अडखळते, वजाबाकी येते, भागाकार सुरू केला आहे." सोबत वाचनपट्ट्यांचा जुडगा आणि तुमचा फोन नंबर द्या. कारखान्याजवळच्या शाळेतल्या शिक्षकाला ती ओळ वाचून दुसऱ्याच दिवशी काम सुरू करता येतं, आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मूल परत आलं की त्याच कार्डावर त्यांची ओळ आहे का ते आधी बघा, मगच तपासणीला बसवा.